पिशवी काढल्यानंतरचे अकरा महिने

कापसाचे तीन बोळे होते. सगळ्यात खालचा पांढराच निघाला. मधला निळा निघाला.

डॉक्टर गायकवाड मॅडमनी तो चिमट्यात धरून माझ्यासमोर आणला. "ताई, उठून बसा आणि नीट बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या लघवीच्या पिशवीत आम्ही नळीनं निळं औषध सोडलं होतं. ते लघवीच्या वाटेनं यायला पाहिजे होतं. ते आलं बाळंतपणाच्या वाटेनं. म्हणजे दोन्हींच्या मध्ये भोक आहे, आणि तुमचं गळणं तिथनं आहे. नसा कमजोर नाहीत, वयाचं काही नाही, आणि तुमची चूक तर अजिबात नाही."

या दुखण्याचं नाव व्हेसिको-व्हजायनल फिस्टुला. व्हेसिको म्हणजे मूत्राशयाचं, व्हजायनल म्हणजे योनीमार्गाचं, आणि फिस्टुला म्हणजे जिथं वाट नसावी तिथं पडलेली वाट. मी ते नाव मॅडमकडून तीनदा म्हणवून घेतलं आणि कागदावर मराठीत लिहून घेतलं. अकरा महिने जे माझ्या अंगाला चिकटून होतं, त्याला नाव होतं, हेच मला माहीत नव्हतं.

मग मी विचारलं, "हे आणखी कोणाला झालंय का?"

"मागच्याच आठवड्यात हदगावची एक बाई बरी होऊन घरी गेली," मॅडम म्हणाल्या.

तेव्हा मला रडू फुटलं. भोक आहे हे ऐकून फुटलं नव्हतं.

माझं नाव निर्मला, वय सत्तेचाळीस. चाकूरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक आमचे हे बघायचे, आणि भांड्यांवर नावं घालायचं काम माझं. लग्नसराईत लोटे, पराती, डबे यांची रास लागायची आणि मी मशीनची पेन्सिल धरून एकेकावर नाव कोरत बसायची. बाया म्हणायच्या, वहिनीच्या हातचंच नाव पाहिजे. त्या बसल्या बसल्या सासरची, माहेरची, पोटातली सगळी गोष्ट सांगायच्या. मी मान खाली घालून कोरत असायची, म्हणून त्यांना सांगणं सोपं जात असेल.

मला पाळीचा त्रास होता. आठ-आठ, दहा-दहा दिवस अंगावरून जायचं. सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठी दिसल्या. फायब्रॉइड म्हणतात त्याला. या गाठी कॅन्सरच्या नसतात, पण रक्त फार जातं. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात पिशवी काढायचं ठरलं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि घरी आल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी सकाळी उठले तर साडी ओली.

वाटलं, घाम असेल. मग वाटलं, झोपेत झालं असेल. पण ते दिवसाही होत होतं. बसले तरी, उठले तरी, खोकला नाही, शिंक नाही, नुसतं आपलं झिरपत राहायचं. लघवीला जाऊन आले तरी थांबायचं नाही.

लातूरला परत गेले. डॉक्टरांनी पडद्याआड न नेताच सांगितलं, "पिशवी काढल्यावर होतं काही दिवस. नसा ढिल्या पडतात. व्यायाम करा." गोळ्या दिल्या. महिन्याने परत गेले, तर व्यायाम नीट करत नसाल म्हणाले. दुसऱ्या एका दवाखान्यात जंतुसंसर्ग सांगितला, त्याच्या गोळ्या झाल्या. मग मी जायचं सोडलं. बाहेरच्या बाकावर दहा बाया बसलेल्या असताना आत गेल्यावर "काय त्रास?" असं दार उघडं ठेवून विचारतात. मी "अशक्तपणा" म्हणून सांगायला शिकले.

हे वाचणाऱ्या एखाद्या बाईला असं काही होत असेल, तर तिला मी काय काय केलं ते सांगते. तिनेही तेच केलं असेल. जुन्या सुती साड्या फाडून घड्या केल्या. अंथरुणाखाली प्लास्टिकचा कागद घातला. पाणी पिणं कमी केलं, म्हणजे कमी गळेल. त्याने वास वाढला आणि मांड्यांची कातडी सोलून निघाली. कपड्यांत कापूर ठेवला. सगळ्यांच्या आधी उठून धुणं उरकलं. कोणी आलं की उभ्याने बोलले.

दुकानातलं माझं स्टूल लाकडी होतं. एकदा उठले तर त्यावर डाग. समोर नळेगावची एक ओळखीची बाई, सुनेच्या नावाची घागर घेऊन आलेली. तिने बघितलं आणि रस्त्याकडे तोंड केलं. त्या दिवसापासून मी दुकानात बसले नाही. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून सांगितलं. ह्यांनी नावं घालायला दुसरा माणूस बघितला.

आम्ही लिंगायत, आमच्यात बाईला विटाळ धरत नाहीत. पाळीतसुद्धा गळ्यात लिंग असतं, सकाळी पूजा असते. लिंग अंगावर असलं की अंग शुद्धच, असं लहानपणापासून ऐकलेलं. तरी एक दिवस मी ते गळ्यातून काढून देवघरात ठेवलं. कोणी सांगितलं नव्हतं. माझंच मन होईना.

आणि आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी आपली कॉट बाहेरच्या खोलीत हलवली. "आतल्या पंख्याचा लई आवाज होऊन राहिला," म्हणाले. पंख्याचा आवाज वीस वर्षं तसाच होता. त्यांनी एका शब्दाने टोचलं नाही, कधी नाक मुरडलं नाही. पण त्यांनी काही विचारलंही नाही. मी आतल्या खोलीत पडून राहायची आणि बाहेरून त्यांचा खोकला ऐकू यायचा. इतक्या जवळून इतकं लांब मला कधी वाटलं नव्हतं.

याच महिन्यांत माझ्या मुलीला, पल्लवीला, दिवस गेले. ती नांदेडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी डोहाळजेवण टाळलं. बाळंतपणाला तिला आणायचं टाळलं. घर लहान पडतं, पाण्याची टंचाई आहे, लातूरपेक्षा नांदेडला डॉक्टर चांगले, अशी कारणं दिली. एकदा फोनवर ती म्हणाली, "आई, सरळ सांग ना. मी जड झाले का तुला?"

मी म्हटलं, "तसं न्हाई गं." तिने फोन ठेवला, आणि नंतर बरेच दिवस जावईच फोन करत होते.

नवव्या महिन्यात पल्लवीचं बीपी वाढलं. खाजगी दवाखान्यातून तिला नांदेडच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. सिझेरियन झालं, मुलगी झाली. आता न जाणं शक्यच नव्हतं. घड्यांची पिशवी घेऊन मी एसटीने निघाले, वाटेत पाण्याचा थेंब घेतला नाही.

वॉर्डात पल्लवीच्या सासूबाईंनी बाळ माझ्यापुढे धरलं. मी हात मागे घेतले. "प्रवासातनं आले, हात धुतले न्हाईत," म्हणाले. थोड्या वेळाने परत दिलं, तेव्हा सर्दी आहे म्हणाले. पल्लवीने भिंतीकडे तोंड केलं. मी कॉटपासून चार पावलं लांब, दाराजवळ उभी होते.

तिथे एक कोवळी डॉक्टर टाके बघायला आली होती. डॉ. सबा, मूळची भोकरची, शिकाऊ डॉक्टर. तिने पल्लवीचं बीपी घेतलं, पट्टी बघितली, आणि जाताना माझ्यापाशी थांबली. माझ्याकडे बघितलं, माझ्या पायाशी फरशीकडे बघितलं. हळूच म्हणाली, "मावशी, जरा माझ्यासंगं या. सही पाहिजे एका कागदावर."

कागद कुठलाच नव्हता. तिने मला तपासणीच्या खोलीत नेलं, दार लावलं, पडदा ओढला आणि मगच विचारलं, "किती दिवसांपासून गळतंय?"

मी म्हणाले, "कुठं काय?"

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. बाहेर कोणीतरी तिला हाका मारत होतं, तरी ती उठली नाही. शेवटी मीच म्हणाले, "अकरा महिने."

"पिशवी काढली होती का?"

"हाव."

"त्याच्या आधी होतं?"

"न्हाई."

"मग मॅडमना दाखवू. आजच," ती म्हणाली. त्याच दुपारी कापसाचे तीन बोळे झाले.

पुढचे दिवस तपासण्यांचे. सिस्टोस्कोपी, म्हणजे लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून भोक कुठं आणि केवढं ते बघतात. सीटी युरोग्राफी, म्हणजे शिरेतून औषध देऊन फोटो काढतात. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या शाबूत आहेत का ते त्यात कळतं. माझ्या शाबूत होत्या. कातडी बरी व्हायला मलम दिलं, आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. पाणी पी म्हणून कोणी रागावलं, याचंच मला नवल वाटलं.

पल्लवीला मी अजून सांगितलं नव्हतं. ते डॉ. सबाने माझी परवानगी घेऊन सांगितलं. मी आत गेले तेव्हा पल्लवी रडत नव्हती, चिडली होती. "मी तुझी पोरगी हाय का पावणी?" एवढंच म्हणाली. दोन दिवसांनी तिला सुट्टी मिळाली. बाळंतिणीला रोज दवाखान्यात येणं शक्य नव्हतं. मी तिथेच राहिले, खालच्या मजल्यावरच्या स्त्रीरोग वॉर्डात.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मॅडमना विचारलं, "माझी पिशवी काढणाऱ्या डॉक्टरनं चूक केली का?"

मॅडम म्हणाल्या, "गर्भपिशवी आणि लघवीची पिशवी एकमेकींना चिकटून असतात. एकीला सोडवताना दुसरीला इजा होणं हे चांगल्या हातूनही होतं. पण तुम्ही ओल्या कपड्यानं परत गेलात, तेव्हा ओळखायला पाहिजे होतं. तपासून बघायला पाहिजे होतं. ते झालं नाही."

"आन् तुम्ही बुजवणार, ते हमखास बुजंल?"

"हमखास म्हणणार नाही. बहुतेक वेळा बुजतं. नाही बुजलं तर परत करू."

त्यांनी हेही सांगितलं की बाळंतपण, सिझेरियन, पिशवी काढणं हे बायकांच्या प्रत्येक डॉक्टरला शिकवतात. फिस्टुला बुजवणं सगळ्यांच्या हाताला येत नाही. त्या स्वतः नोकरी लागल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन, आपल्यापेक्षा लहान डॉक्टरांच्या शेजारी उभ्या राहून ते शिकल्या होत्या.

ऑपरेशन खालच्या वाटेनंच झालं, पोट उघडलं नाही. नंतर एकवीस दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीच्या पिशवीत ठेवलेली नळी. पिशवी रिकामी राहिली पाहिजे, फुगली तर आतले टाके ताणतात. नळी तुंबता कामा नये, एवढं एकच पथ्य.

एकवीस दिवस मी छताकडे बघत होते. वॉर्डात प्रत्येकीजवळ कोणी ना कोणी होतं. आमचे हे दर सोमवारी, दुकान बंद असायचं तेव्हा यायचे. स्टुलावर पायाशी बसायचे. दुसऱ्या सोमवारी ते आपणहून बोलले. "तू सारखी उठून कपडे बदलायचीस. मी जागा हाय हे कळलं तर तुला लाज वाटंल, म्हणून मी भायेर गेलो."

मी म्हटलं, "मग तसं सांगायचं की."

"कसं सांगावं?" ते म्हणाले. त्यांचं मला अर्धं खरं वाटलं. अर्धं अजूनही वाटत नाही. पण ते बोलले.

बाकीचा वेळ मी डॉक्टरांचं शिकणं बघण्यात घालवला. आपल्याला वाटतं डॉक्टर म्हणजे तयार माणूस. तसं नसतं. डॉ. सबा साडेपाच वर्षं शिकून आधीच डॉक्टर झाली होती, आणि आता बायकांची डॉक्टर व्हायला आणखी तीन वर्षं. पहिल्या वर्षाला रक्त काढणं, नळ्या बघणं, कागद भरणं, आणि सगळ्यांची बोलणी खाणं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला हातात चाकू येतो, तोही मोठ्यांच्या नजरेखाली. राउंडला मॅडम विचारायच्या आणि उत्तर चुकलं की मुलं-मुली कॉटच्या पायाकडे बघायची.

सबा उरलेला टाक्यांचा दोरा घेऊन माझ्या कॉटच्या लोखंडी दांड्याला गाठी मारत बसायची. एका हाताने, न बघता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आत जागा दोन बोटांची असते मावशी. डोळ्याला दिसत न्हाई, बोटालाच माहीत पाहिजे."

मी तिला सांगितलं की नाव कोरायला शिकले तेव्हा मीही पहिले काही लोटे बिघडवले होते. पत्र्यावर जोर द्यायचा नसतो, पेन्सिल आपली आपण चालू द्यायची. तिने दोरा माझ्या हातात दिला. मला गाठ जमली नाही. ती हसली, आणि मी किती दिवसांनी कोणाला हसवलं होतं कोण जाणे.

नवव्या दिवशी दुपारी नळीला जोडलेली माझी लघवीची थैली भरेना. पोटात दाटून आलं. आणि मग अंथरूण ओलं झालं.

तो गरम ओलावा मला ओळखीचा होता. मी हलले नाही, कोणाला हाकही मारली नाही. फुटलं, असं मनाशी म्हणाले. शेजारच्या कॉटवरच्या बाईने सिस्टरला हाक मारली.

सबा धावत आली. सिरिंजने नळीत पाणी सोडलं, ओढलं. रक्ताची बारीक गुठळी निघाली आणि लघवी भडाभडा थैलीत आली. तोवर मॅडम आल्या. त्यांनी विचारायच्या आत सबा म्हणाली, "दर दोन तासांनी बघायचं होतं. लेबर रूममध्ये अडकले. मी चार तास बघितलं नाही. दुसऱ्या कोणाला सांगूनही गेले नाही. माझी चूक आहे."

हे ती माझ्यासमोर म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली.

मॅडम तिला रागावल्या, चांगल्याच रागावल्या, पण वॉर्डाच्या बाहेर नेऊन. परत येऊन माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "ओलं झालं ते नळीच्या बाजूनं आलेलं असू शकतं. टाके सुटलेलेही असू शकतात. आत्ता निळं औषध घालून बघणं धोक्याचं. एकविसाव्या दिवसापर्यंत थांबावं लागेल." मग म्हणाल्या, "झालेली चूक पेशंटला सांगायची, हे मी फार उशिरा शिकले. ही पहिल्याच वर्षी शिकली."

मला सबाचा राग आला होता. खोटं का सांगू? दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. ती मात्र दर दोन तासांनी येत राहिली, थैली बघत राहिली, वेळ लिहीत राहिली. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, "जेवलीस का?" न्हाई म्हणाली. पल्लवीच्या घरून डबा आला होता. माझ्या कॉटच्या कडेवर बसून तिने अर्धी भाकरी खाल्ली.

एकविसाव्या दिवशी पुन्हा कापूस, पुन्हा निळं औषध. तीनही बोळे कोरडे, पांढरे निघाले. नळी काढली. तासाभराने मला लघवी लागली. मी चालत संडासाला गेले, बसले, झाली आणि थांबली. हे ज्याच्या-त्याच्या घरी रोज होतं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले.

घरी जाण्याआधी पल्लवीकडे आठ दिवस राहिले. नातीला मांडीवर घेतलं. पल्लवी माझ्याशी बोलते, हसते, पण तिच्या पहिल्या बाळंतपणात मी नव्हते, ते काही परत येत नाही. ती कधीकधी मध्येच गप्प होते. मी आता तिला विचारते, काय झालं म्हणून. हे मला आधी येत नव्हतं.

तीन महिन्यांनी तपासणीला गेले तेव्हा गायकवाड मॅडम म्हणाल्या, "अर्धा तास आहे का? माझ्या मुलांना तुम्ही शिकवा."

वर एक खोली होती. नवीन पहिल्या वर्षाची दहा-बारा मुलं-मुली. सबा मागे उभी होती, आता दुसऱ्या वर्षाला. मी वर सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, विचारा यांना काय विचारायचं ते.

चष्मा लावलेला एक मुलगा उठला. "मॅडम," तो मला म्हणाला. मला कोणी कधी मॅडम म्हटलं नव्हतं. "तुम्ही आमच्या ओपीडीला आला असता, तर आम्ही काय विचारलं असतं म्हणजे तुम्ही खरं सांगितलं असतं?"

मी विचार केला. कोणी घाई केली नाही.

"लघवी गळते का म्हणून विचारलं असतं, तर मी न्हाई म्हणले असते," मी म्हणाले. "बाई लाजंची गोष्ट सांगत न्हाई. तुम्ही असं करा. आधी दार लावा. मग तिला विचारा, शेवटचं कोणाच्या शेजारी टेकून कधी बसलात? जिला पट्कन सांगता येईल, तिला जाऊ द्या. जी आठवत बसंल, तिला तपासा."

मुलांनी माना खाली घालून ते लिहून घेतलं. मॅडमनीही त्यांच्यातल्याच एकीकडून पेन मागून घेतलं आणि लिहिलं.